परत मुंडकार

दोन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघराच्या नळाला गळती लागली. प्लंबरने घराच्या बाहेरच्या अंगाची, अगदी तळाची पत्र्याची पट्टी काढली, आणि माझ्या घराखालची जमीन मी पहिल्यांदा पाहिली. तोवर त्या घरात राहून मला सात वर्षं झाली होती.

तो पोटावर झोपून आत सरकला. मीही गुडघ्याला हात देऊन वाकले आणि त्याच्या बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. वर लोखंडी सांगाडा, त्याखाली हातभर उंचीचे लोखंडी टेकू. प्रत्येक टेकूच्या डोक्याला जाड आटे होते, घर एका बाजूला कलायला लागलं की पाना लावून ते फिरवायचे. त्याखाली राखाडी, बारीक वाळू. कुणाचा तरी जुना टेनिसचा चेंडू तिथे पडलेला. थंड वारा या बाजूने आत शिरून त्या बाजूने निघून जात होता. पाया असा काही नव्हताच. घर जमिनीवर नुसतं टेकलेलं होतं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. हे घर कारखान्यात दोन तुकड्यांत बनलं, ट्रकवरून आलं आणि इथे जोडलं गेलं. बैठकीच्या खोलीत छताला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बोटभर रुंदीची लाकडी पट्टी गेली आहे, तिच्यामागे तो सांधा आहे. कागदावर माझं घर हलवता येण्यासारखी वस्तू आहे. पण कागदावर वाचणं वेगळं आणि वाकून बघणं वेगळं.

हे सिडनीच्या उत्तरेला, सेंट्रल कोस्टवर, टगेरा सरोवराच्या जवळचं ज्येष्ठांचं पार्क आहे. पन्नाशी उलटलेल्यांसाठी एकशे अठरा घरं, मधोमध एक हॉल, पोहण्याचा छोटा तलाव, आणि फाटकावर गाड्यांसाठी ताशी 10 किलोमीटर वेगाची पाटी. अशी शेकडो पार्कं न्यू साउथ वेल्समध्ये आहेत. बरीचशी एके काळी सुट्टीत कॅरव्हॅन लावायच्या जागा होत्या. निवृत्त माणसं आली, कॅरव्हॅनला पडवी जोडली, फुलझाडं लावली आणि परत गेलीच नाहीत. हळूहळू कॅरव्हॅनच्या जागी पुरती घरं आली. व्यवस्था मात्र तीच राहिली: घर तुमचं, जमीन मालकाची. मालकाला इथे ऑपरेटर म्हणतात, आणि जमिनीच्या भाड्याला साइट फी.

2016 साली आम्ही इथे आलो. पश्चिम सिडनीतलं आमचं घर दुमजली होतं, आणि ह्यांच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला होता. ते घर विकून शहरात दुसरं लहान घर घेतलं असतं तर हाती काही उरलं नसतं. इथे घर घेऊनही उतारवयाला पुरेल असं काही बाजूला ठेवता आलं. जमीन विकत घ्यायची नसल्यामुळे स्टॅम्प ड्यूटी नाही. जमिनीवरचा कौन्सिलचा कर ऑपरेटर भरतो. पेन्शन पंधरा दिवसांनी येते, साइट फीही पंधरा दिवसांनी जाते, आणि पेन्शनवर राहणाऱ्याला त्या फीसाठी सरकारकडून भाडे-साहाय्य मिळतं. तीस वर्षं बँकेत काम केल्यामुळे आकडे मला पटले. मुलीला पटले नाहीत. ती मेलबर्नहून म्हणाली, "आई, या वयात भाड्याच्या जमिनीवर?"

गोव्याला दादाला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तू परत मुंडकार झालीस की गो!"

तो हसत होता. मला त्या रात्री झोप आली नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाटकार म्हणजे माडांच्या भाटाचा, म्हणजे बागेचा, मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. आम्ही पेडण्याकडचे मुंडकार. घर आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, भिंतींची माती आजीने पायांनी तुडवलेली. पण घराखालची जमीन भाटकाराची, अंगणातला माड भाटकाराचा आणि त्या माडावरचा नारळही भाटकाराचा. आजोबांनी भाटाची राखण करायची आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. त्याच्या बदल्यात राहायचं.

घरावर माडाच्या चुडतांचं छप्पर होतं. दर वर्षी पावसाआधी ते शाकारावं लागे. आजोबांना कौलं घालायची होती, त्यासाठी पैसेही जमवले होते. परवानगी मागायला ते भाटकाराकडे गेले तेव्हा मी त्यांचं बोट धरून बरोबर होते. सहा-सात वर्षांची असेन. त्यांनी वहाणा फाटकाबाहेर काढल्या. आम्ही खळ्यात उभे राहिलो, पायरीपाशीही गेलो नाही. आणि मग आजोबा बोलायला लागले तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. शेताच्या पलीकडून हाक मारली तर आमच्या दारात ऐकू येईल असा माणूस तो. तिथे त्यांचा आवाज घशातच राहिला, वाक्यं अर्ध्यावर विरत गेली. भाटकाराने ऐकून घेतलं. ओरडला नाही, काही नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला.

असं तीन वर्षं झालं. का, ते मला खूप नंतर कळलं. चुडतांचं छप्पर म्हणजे तात्पुरती खोप. कौलं चढली की घर कायमचं दिसायला लागतं.

पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना 1975 चा मुंडकार कायदा आला. मुंडकाराला वाटेल तेव्हा उठवता येणार नाही असं ठरलं, मामलेदाराकडे त्याच्या नावाची नोंद व्हायला लागली, आणि घर व त्याखालची जमीन विकत घ्यायचा हक्क त्याला मिळाला. आमच्या काकाने कचेरीच्या चकरा मारमारून ती जमीन नावावर करून घेतली. आजोबा तोवर गेले होते. ज्या दिवशी कागद हातात आला त्या दिवशी काकाने अंगणातली मूठभर माती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, असं आई सांगायची.

अशा घरातली मी. आणि पासष्टाव्या वर्षी आपण होऊन, सही करून, दुसऱ्याच्या जमिनीवर घर घेतलं.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मला चाफा लावायचा होता. या किनाऱ्यावर देवचाफा गोव्यासारखाच फुलतो. हिवाळ्यात तसाच निष्पर्ण होतो, बोटं छाटल्यासारखा दिसतो, आणि डिसेंबरात अंगभर फुलं येतात. ओळखीच्या एका घरातून फांदी आणली, चीक सुकायला आठवडाभर सावलीत ठेवली. मग नियमांची वही उघडली. झाड लावायचं तर मॅनेजरची लेखी परवानगी हवी. मी अर्ज लिहायला बसले आणि हात थांबला. आजीच्या तोंडचं "आधी भाटकाराला विचारून ये" कानात वाजायला लागलं. हे म्हणाले, "एका फांदीसाठी रडतेस काय?" मी रडत नव्हते, पण त्यांना तसं वाटलं असेल.

दोन दिवसांत उत्तर आलं, लेखी. जमिनीखालून पाण्याचे आणि गटाराचे पाइप गेले आहेत, म्हणून झाड कुंडीत लावावं. कारण दिलेलं होतं, खाली सही होती. आजोबांना तीन वर्षांत एक कारण मिळालं नव्हतं. हा फरक लहान नाही, हे मला नीट नोंदवून ठेवायचं आहे. भाटकार आणि ऑपरेटर एकाच मापाने मोजणं चूक होईल. इथे करार आहे, आणि त्यामागे कायदा आहे: रेसिडेन्शियल लँड लीज कम्युनिटीज अॅक्ट, 2013. तो 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू झाला, म्हणजे आम्ही येण्याच्या थोडंच आधी. पार्क बंद करायचं तर रहिवाशाला बारा महिन्यांची नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. माझं घर मी जागेवरच विकू शकते, ऑपरेटरला त्यात आडवं येता येत नाही. आम्ही आमची समिती निवडू शकतो. हे सगळं मी पेन्सिलने खुणा करत वाचून काढलं होतं. पण कायदा पुस्तकात असणं आणि माणसाच्या घशात असणं यात किती अंतर असतं, ते मला 2018 साली कळलं.

त्या वर्षी सगळ्यांच्या टपालपेटीत एकाच दिवशी पाकीट पडलं. साठ दिवसांनंतर साइट फी आठवड्याला नऊ डॉलरने वाढणार. नऊ डॉलर ऐकायला फार नाहीत. पण पेन्शनवर एकटं राहणाऱ्या बाईच्या पिशवीतून आठवड्याला नऊ डॉलर गेले की आधी फळं जातात, मग हिवाळ्यात हीटर उशिरा लागतो. आणि इथल्या माणसाला "परवडत नाही, दुसरीकडे जातो" असं म्हणता येत नाही. घर नावालाच हलवता येण्याजोगं आहे. ते सोडवून, ट्रकवर चढवून, दुसरी साइट शोधून पुन्हा उभं करायचं तर आयुष्याची उरलेली पुंजी जाईल. जमिनीच्या मालकालाही हे पक्कं ठाऊक असतं. या व्यवस्थेतलं खरं दुखणं मला इथे दिसतं. घर घेताना ते आकड्यांत दिसत नाही, आणि माहितीपत्रकातल्या हसऱ्या जोडप्यांच्या फोटोंत तर नाहीच.

कायद्यात वाट होती. नोटीस मिळालेल्या घरांपैकी पंचवीस टक्के घरांनी तीस दिवसांत हरकत घेतली, तर फेअर ट्रेडिंग खात्याकडे मध्यस्थी मागता येते. तिथे जुळलं नाही तर ट्रायब्युनल. एकशे अठराचे पंचवीस टक्के म्हणजे तीस घरं. समितीने कागद तयार केले आणि, बँकेत होते म्हणून, दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं.

तीन आठवडे मी फिरले. एरवी शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये सगळे भेटतात, मी कांदाभजी नेते, ती दहा मिनिटांत संपतात. पण हॉलमध्ये भेटणं वेगळं आणि हातात फॉर्म घेऊन एकेकाच्या स्वयंपाकघरात बसणं वेगळं. बारा नंबरच्या आजोबांनी विजेच्या बिलांची सहा वर्षांची फाइल माझ्यापुढे ठेवली. त्याच वर्षी बॅलिनाच्या एका पार्कातल्या रहिवाशाने विजेच्या आकारणीवरून दिलेला लढा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ऑपरेटरला स्वतःला जेवढा आकार पडतो त्याहून जास्त आकार रहिवाशाला लावता येणार नाही, असा निकाल लागला होता. आजोबांनी ती बातमी कापून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवली होती. सत्तर नंबरच्या बाईला दिसत नव्हतं. मी सगळं पान मोठ्याने वाचून दाखवलं, तिने मध्येमध्ये थांबवून प्रश्न विचारले, मग माझ्या बोटाच्या आधाराने सही केली.

चोपन्न नंबरला मी संध्याकाळी गेले. उंचापुरा माणूस, आयुष्यभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवलेला. हॉलमध्ये त्याचं हसणं फाटकापर्यंत ऐकू जायचं. त्याने चहा केला, फॉर्म वाचला, टेबलावर उपडा ठेवला. खिडकीतून ऑफिसच्या दिशेने बघितलं. ऑफिस तर केव्हाच बंद झालं होतं. मग म्हणाला की त्याने परवानगी न घेता मागे पत्र्याची शेड बांधली आहे. मॅनेजर काही बोललेला नाही. आता नाव दिसलं तर बोलेल. हे सांगताना त्याचा आवाज घशातच राहिला. वाक्यं अर्ध्यावर विरली.

माझ्या अंगावर काटा आला. पेडण्याच्या त्या खळ्यात मी परत उभी होते, बोट धरून.

मी त्याला काही समजावलं नाही. त्याचा चहा प्यायले, फॉर्म उचलला आणि निघाले. त्याने कधीच सही केली नाही आणि मी त्याला कधी दोष दिला नाही. समितीतल्या एक-दोघांनी दिला, तेव्हा मी त्यांना आजोबांच्या कौलांची गोष्ट सांगितली. इंग्रजीत 'मुंडकार'ला शब्द सापडेना, तेव्हा मी तोच शब्द वापरला. त्यांना तो म्हणता येईना, पण कळला लगेच.

एकशे अठरांपैकी एकाहत्तर घरांनी सही केली. मध्यस्थीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. सुरुवातीला, इथल्या रीतीप्रमाणे, ही भूमी इथल्या मूळ रहिवासी डार्किंजंग लोकांची आहे याचं स्मरण करण्यात आलं. हे शब्द मी कितीतरी कार्यक्रमांत ऐकले होते. पण त्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला जमिनीचा मालक आणि दुसऱ्या बाजूला आम्ही भाडं देणारे, आणि दोघांच्याही आधी ज्यांची ती जमीन होती त्यांचं नाव मध्ये उच्चारलं गेलं. मी मान खाली घातली. त्यांना ना नोटीस मिळाली होती, ना साठ दिवस. आमच्या नऊ डॉलरच्या भांडणात ही गोष्ट बसत नव्हती, आणि ती बाजूलाही ठेवता येत नव्हती. आजही येत नाही.

तीन तास बोलणं चाललं. नऊचे पाच झाले. तलावाची फुटलेली फरशी चार महिन्यांत दुरुस्त करायचं लेखी ठरलं, आणि ती झालीसुद्धा. त्या रात्री दादाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "एकाहत्तर जण बोलले?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "आपल्या वाड्यावर चौदा घरं होती. सगळी एकेकटी जायची विचारायला."

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. इतकंच, की त्या आठवड्यात माझ्या दारात इतके डबे आले की फ्रिजमध्ये जागा उरली नाही, आणि चोपन्न नंबरवाला न बोलता येऊन पायरीची हललेली फळी बसवून गेला.

त्यानंतर मीही पडद्यांत आले. म्हणजे असं: इथे एकटं राहणाऱ्या प्रत्येकाने सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीचा ब्लाइंड वर करायचा. समोरच्या घराने तो बघायचा. आठला वर नसेल तर दार वाजवायचं. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, ऑपरेटरचा याच्याशी काही संबंध नाही. कुणी सुरू केलं तेही कुणाला आठवत नाही. मला बघायला एकतीस नंबर होता आणि एकतीसला मी. ती ब्याऐंशीची, गुलाब लावणारी, मोजकं बोलणारी बाई. पावणेआठला तिचा ब्लाइंड वर जायचा, थोडा वाकडा, कारण डाव्या खांद्यात जोर नव्हता. मी तो वाकडेपणाही ओळखायला लागले होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी तो वर गेला नाही. आठ, आठ वाजून दोन मिनिटं. मी गाऊनवरच गेले. दार वाजवलं, मग कुंडीखालची किल्ली काढली. ती न्हाणीघराच्या दारात पडली होती, मध्यरात्रीपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. डोळे उघडे होते. मला बघून तिने पहिल्यांदा विचारलं, "आठ वाजले?" रात्रभर ती घड्याळाच्या काट्यांवर राहिली होती. आठ वाजता कुणीतरी येणार हे तिला माहीत होतं. ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावून मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. गाडी येईपर्यंत तिचा हात हातात होता. तळवा खरखरीत, गुलाबाच्या काट्यांनी ओरखडलेला.

ती परत आली नाही. नर्सिंग होममध्ये गेली, अजून तिथेच आहे. पंधरवड्यातून एकदा मी जाते. घर विकेपर्यंत रिकाम्या घराचीही साइट फी तिला भरावी लागत होती, सात महिने. तिच्या मुलाने मला ते सांगितलं तेव्हा मला पुन्हा तीच ओळखीची चीड आली. समितीत हा विषय मी लावून धरला आहे आणि धरून ठेवणार आहे.

डिसेंबरात घर गेलं. माझा चाफा तेव्हा भरात होता. नवी बाई आली, सडसडीत, सत्तरीची, नुकतीच एकटी झालेली. खोकी अजून बांधलेलीच होती तेव्हा मी कुंडीतली चाफ्याची एक फांदी छाटून घेऊन गेले आणि ब्लाइंडची पद्धत सांगितली. मला वाटलं तिला हा आगाऊपणा वाटेल. तिने फांदी हातात फिरवून बघितली आणि विचारलं, "किती वाजता?"

"आठ."

"आणि तुमची खिडकी कुठली?"

मी दाखवली.

काल रात्री मला नीट झोप लागली नाही. पहाटे कधीतरी डोळा लागला आणि जाग आली तेव्हा बाहेर लख्ख उजाडलं होतं. घड्याळात आठ वाजून चार मिनिटं. मी चष्मा शोधत होते, आणि दार वाजलं.